शंभर रुपयांची कपात आणि मध्यरात्रीची लोकसभा

११ जुलै २०१९, गुरुवार. लोकसभेचं कामकाज एरवी संध्याकाळी सहाच्या सुमारास आटोपतं. त्या दिवशी सहा वाजले, आठ वाजले, दहा वाजले, तरी सभागृह चालूच होतं. विषय होता रेल्वे मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या. एकामागून एक खासदार उठत होते आणि आपापल्या भागातल्या रेल्वेबद्दल बोलत होते. शंभरच्या आसपास सदस्यांनी चर्चेत भाग घेतला. बैठक संपली तेव्हा रात्रीचे ११ वाजून ५८ मिनिटं झाली होती.

त्याच्या सव्वा वर्ष आधीचा एक दिवस, १४ मार्च २०१८. याच सभागृहात सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या, रेल्वे आणि रस्ते धरून, कसलीही चर्चा न होता एकत्र मताला टाकल्या गेल्या आणि मंजूर झाल्या.

दोन्ही दिवस खरे आहेत आणि दोन्ही दिवशी नियमांचं पालनच झालं. संसद म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचा गदारोळ येतो. पण त्याच्या मागे एक यंत्रणा आहे, आणि ती मी जसजशी समजून घेत गेलो तसतसा थक्क होत गेलो. भारतीय रेल्वेचे मार्ग ६८,००० किलोमीटरहून लांब आहेत, कर्मचारी बारा लाखांच्या घरात, रोजचे प्रवासी दोन कोटींवर. राष्ट्रीय महामार्ग जवळपास दीड लाख किलोमीटर. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात रेल्वेसाठी सुमारे २.५२ लाख कोटी रुपये आणि रस्ते वाहतूक मंत्रालयासाठी सुमारे २.८७ लाख कोटी रुपये धरले होते. एवढ्या पसाऱ्यावर काही शे लोकप्रतिनिधींनी लक्ष ठेवायचं म्हणजे कसं? त्यांच्या हाती ना इंजिन, ना डांबर, ना तिजोरीची किल्ली. त्यांच्या हाती आहे ती एकच गोष्ट: सरकारकडून उत्तर लिहून घेण्याचा अधिकार. बाकी सगळी हत्यारं या एका अधिकाराची रूपं आहेत.

एका प्रश्नाचा प्रवास

सगळ्यात साधं रूप म्हणजे प्रश्न. लोकसभेत सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. प्रश्नांचे मुख्य प्रकार दोन. ज्याच्यापुढे तारा असतो तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं आणि वर येणाऱ्या पुरवणी प्रश्नांनाही तोंड द्यायचं. तारा नसलेल्याचं उत्तर लेखी येतं. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. कुणाचा प्रश्न लागायचा हे सोडतीने ठरतं. पंतप्रधानांच्या पक्षाचा खासदार असो की एकटा अपक्ष असो, सोडतीपुढे सारखेच.

प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. या पंधरा दिवसांत पडद्यामागे जे घडतं ते मला फार विलक्षण वाटतं. समजा, कोकणातल्या एखाद्या स्थानकावर किती गाड्या थांबतात आणि फलाटाची उंची वाढवण्याचं काम का रखडलं, असं कुणी विचारलं. हा कागद दिल्लीत रेल्वे बोर्डाकडे जातो, तिथून संबंधित मुख्यालयाकडे, आणि पुढे ज्याच्या हद्दीत ते स्थानक येतं त्या कार्यालयापर्यंत. तिथला अधिकारी फाइल काढतो, आकडे लिहितो, सही करतो, आणि ते उत्तर त्याच पायऱ्या चढत मंत्र्याच्या टेबलावर येतं. एका खासदाराने विचारलेल्या चार ओळींसाठी खालपासून वरपर्यंत प्रत्येकाला आपलं कपाट उघडावं लागतं. गावकऱ्यांच्या ज्या अर्जांना वर्षानुवर्षं पोच मिळत नाही, त्याच विषयावर दोन आठवड्यांत छापील उत्तर मिळू शकतं.

पुरवणी प्रश्नांची मजा आणखी वेगळी. तयार उत्तर वाचून मंत्री बसतात आणि लगेच समोरून असा प्रश्न येतो की ज्याची तयारी असेलच असं नाही. ज्या मंत्र्याला खातं कळलं आहे आणि ज्याने नुसतं टिपण वाचलं आहे, त्यांच्यातला फरक या पाच-सात मिनिटांत उघडा पडतो.

शब्द दिला की नोंद होते

मंत्री अडचणीत आले की काय म्हणतात? "विषय विचाराधीन आहे." "मी यात लक्ष घालीन." "माहिती गोळा करून सभागृहासमोर ठेवली जाईल." आपल्याला वाटतं, झालं, विषय संपला. संसदेत मात्र इथून एक नवी गोष्ट सुरू होते.

कोणत्या धाटणीचं वाक्य आश्वासन मानायचं याची एक यादीच संसदेने केलेली आहे. वर दिलेली वाक्यं त्याच यादीतल्या वाक्यांसारखी आहेत. मंत्र्याच्या तोंडून असं वाक्य गेलं की ते कामकाजातून वेचून वेगळं काढलं जातं, त्याची नोंद होते आणि तीन महिन्यांत ते पूर्ण करण्याची मुदत लागते. पूर्ण झालं नाही तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते आणि कारण सांगावं लागतं. यासाठी लोकसभेची आश्वासन समिती १९५३पासून आहे. राज्यसभेची १९७२पासून आहे. या समितीला मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारता येतं की अमुक तारखेला तुमच्या मंत्र्यांनी जे सांगितलं होतं त्याचं पुढे काय झालं.

एखादा उड्डाणपूल, एखादं दुपदरीकरण, एखाद्या महामार्गाचा सर्व्हे, अशा कितीतरी गोष्टी पहिल्यांदा आश्वासन म्हणूनच कागदावर येतात. सभागृहात उच्चारलेलं वाक्य हवेत विरू नये म्हणून कुणीतरी त्याला धरून ठेवण्याची व्यवस्था केली, ही कल्पनाच मला लोकशाहीच्या मोठ्या शोधांपैकी एक वाटते. सरकार बदलतं, मंत्री बदलतात, नोंद राहते.

शंभर रुपयांची कपात

आता पैशाकडे वळू. संसदेच्या मंजुरीशिवाय सरकारला खर्च करता येत नाही. म्हणून दरवर्षी प्रत्येक मंत्रालय लोकसभेपुढे अनुदानाची मागणी ठेवतं. लाखो कोटींच्या या मागणीला खासदार कपात प्रस्ताव देऊ शकतो, आणि या कपातीचे तीन प्रकार आहेत.

सरकारचं धोरणच मान्य नसेल तर प्रस्ताव असा असतो की मागणी कमी करून एक रुपयावर आणावी. उधळपट्टी होते आहे असं वाटलं तर ठरावीक रक्कम कमी करावी असं म्हणता येतं. आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर प्रस्ताव द्यायचा की मागणीतून १०० रुपये कमी करावेत.

शंभर रुपये! अडीच लाख कोटींच्या मागणीत शंभर रुपयांनी काय होणार? खर्चाच्या दृष्टीने काहीच नाही. पण त्या शंभर रुपयांच्या आडून एका तालुक्यातलं फाटक, एका स्टेशनवरचा बंद पडलेला पादचारी पूल, एका घाटातलं अपघाताचं वळण देशाच्या अर्थसंकल्पाशी अधिकृतपणे जोडलं जातं. सरकारकडे बहुमत असतं, त्यामुळे कपात प्रस्ताव बहुधा फेटाळले जातात. एखादा मंजूर झालाच तर तो सरकारवरचा अविश्वास मानला जातो. म्हणजे शंभर रुपयांच्या प्रस्तावात सरकार पाडण्याचं बळ दडलेलं असतं, आणि तरी तो एका खेड्याच्या गाऱ्हाण्यासाठी वापरता येतो. नियम लिहिणाऱ्यांनी लहान माणसाला किती मोठं दार ठेवलं आहे!

या दाराला एक कडी मात्र आहे. चर्चेसाठी ठरलेले दिवस संपले की शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या अध्यक्ष एकदम मताला टाकतात. संसदेच्या भाषेत त्याला गिलोटिन म्हणतात. सगळ्या मंत्रालयांवर चर्चा करायला वेळ पुरत नाही, त्यामुळे दरवर्षी काही मागण्या अशा जातातच. २०१८मध्ये सगळ्याच गेल्या. २०२३मध्येही तसंच झालं. गोंधळात सभागृह चाललं नाही की सर्वांत आधी मरतो तो हा शंभर रुपयांचा प्रश्न.

गोखल्यांपासून १९२४पर्यंत

हा अधिकार काही आयता मिळालेला नाही. रेल्वे आली तेव्हा खासगी कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचं, आणि ज्यांच्या करातून ते जायचं त्यांना विचारण्याची सोय नव्हती.

गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात गेले तेव्हा नियम असे होते की अर्थसंकल्पावर बोलता येईल, मत देता येणार नाही. प्रश्न विचारता येईल, पुरवणी प्रश्न विचारता येणार नाही. या चौकटीत गोखल्यांनी वर्षामागून वर्ष अर्थसंकल्पावर भाषणं केली. शिलकीचा पैसा रेल्वे बांधण्यावर घालण्यापेक्षा आरोग्य आणि शिक्षणावर खर्च करा, रेल्वेसाठी कर्ज काढता येतं, हा त्यांचा मुद्दा होता. आकडे सरकारचेच आणि निष्कर्ष गोखल्यांचे. हातात मत नसलेल्या माणसाने केवळ अभ्यासाच्या जोरावर सरकारला उत्तर द्यायला लावलं, हे आजच्या प्रत्येक खासदाराने वाचण्यासारखं आहे. पुरवणी प्रश्नाचा अधिकार १९०९च्या सुधारणांनंतर मिळाला.

पहिल्या महायुद्धाने रेल्वे पार झिजून गेली. विल्यम अ‍ॅक्वर्थ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९२१मध्ये अहवाल दिला आणि रेल्वेचा हिशेब सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा करायला सांगितलं. २० सप्टेंबर १९२४ रोजी केंद्रीय विधानसभेने तसा ठराव केला. त्यातून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प आला आणि नव्वदहून अधिक वर्षं टिकला. रेल्वेने सर्वसाधारण तिजोरीला दरवर्षी किती लाभांश द्यायचा हे ठरवायला स्वातंत्र्यानंतर खासदारांची वेगळी समिती होती. फेब्रुवारी २०१६मध्ये सुरेश प्रभूंनी मांडलेला रेल्वे अर्थसंकल्प शेवटचा ठरला. पुढच्या वर्षीपासून तो मुख्य अर्थसंकल्पात सामावला गेला आणि लाभांशही थांबला. रेल्वेची मागणी मात्र अजून लोकसभेपुढे येते, आणि म्हणूनच ११ जुलैची ती रात्र होऊ शकली.

अपघाताची चौकशी विमान खात्याकडे का?

एक कोडं घ्या. रेल्वेला मोठा अपघात झाला की चौकशीला येतात ते रेल्वे सुरक्षा आयुक्त. ते कुठल्या मंत्रालयाखाली येतात? नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली. पहिल्यांदा ऐकलं की काहीतरी छापण्यात चूक झाली असं वाटतं. पण यामागे कायदेमंडळाचीच दूरदृष्टी आहे.

जुलै १९३७मध्ये पाटण्याजवळ बिहटा इथे भीषण अपघात झाला. तिथे वापरात असलेल्या नव्या जातीच्या इंजिनांबद्दल शंका होत्या. त्यांची तपासणी करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते कर्नल माउंट, ब्रिटनच्या रेल्वे तपासणी विभागाचे प्रमुख. त्यांच्या समितीने इंजिनांच्या पलीकडचा प्रश्नही पाहिला: सुरक्षेची तपासणी करणारा अधिकारी ज्याची तपासणी करायची त्याच रेल्वे बोर्डाच्या हाताखाली कसा असू शकतो? १९४०मध्ये केंद्रीय कायदेमंडळाच्या वरच्या सभागृहात ठराव आला की या निरीक्षकांना रेल्वे बोर्डाखेरीज दुसऱ्या कुठल्याही अधिकाराखाली ठेवावं. मे १९४१मध्ये त्यांना टपाल आणि हवाई वाहतूक पाहणाऱ्या खात्याकडे सोपवलं गेलं. पुढे खात्यांची विभागणी होत होत ते विमान वाहतुकीकडे राहिले.

ठरावाचे कागद आज क्वचितच कुणी उघडत असेल. पण रुळांवर अपघात झाला की आजही आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या साखळीबाहेरून येतात, ते त्या ठरावामुळे.

जबाबदारीची दुसरी गोष्ट १९५६ची. सप्टेंबरात महबूबनगरजवळ पूल कोसळून गाडीला अपघात झाला, तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरात अरियलूरला पुन्हा तसंच घडलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली. या वेळी शास्त्रींचा राजीनामा स्वीकारला गेला. अपघाताला शास्त्री स्वतः कारणीभूत आहेत म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून तो स्वीकारत आहोत, अशी नेहरूंची भूमिका होती.

बंद खोलीतली संसद

संसदेचं सर्वांत कसदार काम कॅमेऱ्यासमोर होत नाही. १९९३पासून मंत्रालयनिहाय स्थायी समित्या आहेत. सुरुवातीला १७ होत्या, २००४पासून २४. प्रत्येकीत ३१ खासदार: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. रेल्वेची समिती लोकसभेच्या अखत्यारीत चालते, तर रस्ते, जहाज आणि विमान वाहतूक पाहणारी परिवहन, पर्यटन आणि संस्कृती समिती राज्यसभेच्या अखत्यारीत. मंत्री या समित्यांचे सदस्य होऊ शकत नाहीत.

बैठका बंद दाराआड होतात. तिथे पक्षाचा व्हिप चालत नाही. समोर रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष किंवा मंत्रालयाचे सचिव बसलेले असतात आणि खासदार तासन्‌तास विचारत राहतात: गेल्या वर्षी दिलेले पैसे का खर्च झाले नाहीत? विद्युतीकरणाचं उद्दिष्ट कशाच्या आधारावर ठरवलं? ज्या पक्षांचे लोक सभागृहात एकमेकांचं ऐकून घेत नाहीत, तेच इथे एका अहवालाखाली एकत्र येतात. पटलं नाही तर आपल्या वेगळ्या मताची टिपणी अहवालाला जोडण्याची सोय आहे.

अहवालानंतर जे घडतं ते मला त्याहून आवडतं. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पण सरकारला प्रत्येक शिफारशीला साधारण तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. ती उत्तरं घेऊन समिती पुन्हा एक अहवाल काढते आणि त्यात त्यांची विभागणी करते: सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, सरकारचं म्हणणं ऐकून समितीने सोडून दिलेल्या, सरकारचं उत्तर समितीला पटलं नाही अशा, आणि ज्यांचं उत्तर अजून अर्धवट आहे अशा. सगळं कसं चोख! तिसऱ्या गटातलं प्रकरण उघडलं की सरकार आणि संसद यांचं नेमकं कुठे बिनसलं आहे ते स्वच्छ दिसतं. एखाद्या खात्याची तब्येत जाणून घ्यायची असेल तर मी आधी हेच पान काढतो.

एका कायद्याची तीन वर्षं

ही सगळी यंत्रणा एकाच विषयावर कशी फिरते ते पाहायचं तर मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीकडे पाहावं. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. म्हणजे हा कायदा अक्षरशः जगण्यामरण्याचा.

मूळ कायदा १९८८चा. त्यात मोठी दुरुस्ती करणारं विधेयक नितीन गडकरींच्या मंत्रालयाने ऑगस्ट २०१६मध्ये लोकसभेत आणलं. ते परिवहनाच्या स्थायी समितीकडे गेलं. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१७मध्ये आला. एप्रिलमध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं. राज्यसभेने ते पुन्हा तपासायला प्रवर समितीकडे पाठवलं, जिचे अध्यक्ष विनय सहस्रबुद्धे होते. डिसेंबर २०१७मध्ये तिचाही अहवाल आला. तरी विधेयक राज्यसभेत अडकून राहिलं आणि २०१९मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित होताच ते आपोआप रद्द झालं. जुलै २०१९मध्ये ते नव्याने आलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मंजूर झालं. १ सप्टेंबरपासून वाढीव दंड लागू झाले.

आपल्यापैकी बहुतेकांना यातला दंडच ठाऊक आहे. पण या कायद्याच्या आत आणखी काय आहे पाहा. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही, हे संरक्षण आता कायद्यात आहे. वाहन ठोकरून पळून गेल्यास मृताच्या कुटुंबाला मिळणारी भरपाई २५,००० रुपयांवरून २ लाखांवर गेली. रस्त्याची आखणी किंवा बांधणी सदोष असेल आणि त्यातून माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर कंत्राटदाराला, सल्लागाराला आणि संबंधित यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघात म्हणजे चालकाचीच चूक, या समजाला कायद्याने पहिल्यांदा हात घातला. आणि मूळ विधेयकात विम्याची जबाबदारी मृत्यूसाठी १० लाखांवर बांधून टाकणारी जी तरतूद होती, ती छाननीच्या वाटेवर गळून पडली. एका कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या घराला न्यायाधिकरण किती भरपाई देऊ शकेल, हा प्रश्न त्या एका कलमाशी बांधलेला होता.

तीन वर्षांचा उशीर मात्र कमी नव्हता, आणि रस्त्यांवर त्या काळातही माणसं मरत होतीच. छाननी हवी आणि ती वेळेतही हवी, या दोन गोष्टींतली ओढाताण या एका कायद्यात पुरती दिसते.

मागाहून येणारा हिशेब

पैसे दिले, कायदा केला, आता खर्च कसा झाला? हे पाहण्यासाठी राज्यघटनेने नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, नेमला आहे. त्याचे अहवाल संसदेपुढे येतात आणि लोकलेखा समिती त्यांची उलटतपासणी करते. या समितीत २२ खासदार असतात आणि १९६७पासूनचा संकेत असा की अध्यक्ष विरोधी पक्षाचा. सत्तेतल्यांच्या खर्चाचा हिशेब मागायला सत्तेबाहेरचा माणूस.

ऑगस्ट २०२३मध्ये भारतमाला महामार्ग प्रकल्पावरचा कॅगचा अहवाल संसदेत आला. द्वारका द्रुतगती मार्गाला किलोमीटरमागे १८.२० कोटी रुपये धरले होते, प्रत्यक्ष मंजूर खर्च २५०.७७ कोटींवर गेला, अशी त्यात नोंद होती. मंत्रालयाने उत्तर दिलं की १८.२० कोटी ही सगळ्या प्रकल्पाची सरासरी आहे, हा रस्ता आठपदरी आणि बराचसा उन्नत आहे, त्यामुळे तुलना चुकीची. दोन्ही बाजू आज कागदावर समोरासमोर आहेत, आणि वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं.

रेल्वेचं उदाहरण अधिक बोचतं. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२मध्ये सांगितलं होतं की सुरक्षेवर पाच वर्षांत १ लाख कोटी रुपये खर्चा. २०१७-१८मध्ये तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष सुरू झाला. डिसेंबर २०२२मध्ये रुळांवरून गाड्या घसरण्याबद्दलचा कॅगचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून या कोषात जो वाटा घालायचा होता त्यात मोठी तूट पडली, आणि प्राधान्यक्रमात न बसणाऱ्या कामांवरही पैसा गेला. सहा महिन्यांनी, २ जून २०२३ला, बालासोरचा भीषण रेल्वे अपघात झाला. त्या अपघाताचं कारण रुळांत नव्हतं, सिग्नल यंत्रणेत होतं. पण सुरक्षेचा पैसा कुठे जातो हा प्रश्न देशाने नव्याने विचारला, आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्याला तो अहवाल संसदेच्या पटलावर ठेवलेला सापडला.

मागणी आणि पाठपुरावा

संसदेला आपल्याच सवयींकडेही पाहावं लागतं. जुलै २०१४च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडांनी सांगितलं की गेल्या तीस वर्षांत ६७६ प्रकल्प मंजूर झाले, त्यांतले ३१७ पूर्ण झाले, आणि उरलेल्या ३५९ना आता १,८२,००० कोटी रुपये लागतील. खासदाराने मागायचं, मंत्र्याने जाहीर करायचं, टाळ्या पडायच्या, आणि निधी दरवर्षी थोडा थोडा वाटला जाऊन एकही मार्ग धड पुरा व्हायचा नाही. बीडच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. अहिल्यानगर–बीड–परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६मध्ये मंजूर झाला. बीडला गाडी पोहोचली सप्टेंबर २०२५मध्ये.

कोकणाची वाट वेगळी गेली. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत कोकण रेल्वेचा आग्रह धरला, त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून आलेल्या मधु दंडवत्यांनी तो पुढे नेला. दंडवते स्वतः १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या काळात. १९९०मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, आणि जानेवारी १९९८मध्ये मार्ग पुरा झाला. मागणी करणारा आणि पैशाचा हिशेब धरणारा दोघं एकाच ध्यासाचे असले की काय होतं, ते कोकणातले प्रवासी रोज अनुभवतात.

वाचणाऱ्याचा वाटा

या सगळ्यात आपण कुठे येतो? विचारण्याइतकंच महत्त्वाचं आहे वाचणं. लोकसभा-राज्यसभेतले प्रश्न, उत्तरं, समित्यांचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत पाहता येतात. लोकसभेच्या डिजिटल ग्रंथालयात स्वातंत्र्यापूर्वीच्या कायदेमंडळांच्या चर्चासुद्धा आहेत. आपल्या तालुक्याचं किंवा स्थानकाचं नाव टाकून शोधा. त्यावर कुणी कधी काय विचारलं आणि सरकारने काय लिहून दिलं ते सापडण्याची शक्यता चांगलीच आहे. विधेयक समितीकडे गेलं की समित्या वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांकडून लेखी निवेदनं मागवतात. अपघातग्रस्तांचे नातेवाईक, बसचालकांच्या संघटना, स्थानिक प्रवासी संघ यांच्यासाठी हे दार उघडं असतं, आणि ते आपल्याकडे फार थोडे लोक वाजवतात.

सरकारने लिहून दिलेलं उत्तर पाच वर्षांनी पुन्हा बाहेर काढून "याचं काय झालं?" असं विचारणारा माणूस लागतो. तो खासदार असेल, तालुक्याचा पत्रकार असेल किंवा रोज पासावर प्रवास करणारी एखादी शिक्षिका. तो विचारतो तेव्हा १९२४चा ठराव, शंभर रुपयांची कपात, तीन महिन्यांची मुदत, हे सगळं त्याच्या बाजूने उभं राहतं. म्हणून पुढच्या वेळी मतदारसंघात खासदार भेटले की नव्या गाडीची मागणी जरूर करा, आणि त्याबरोबर हेही विचारा: या विषयावर तुम्ही संसदेत कोणता प्रश्न टाकलात, आणि उत्तर काय आलं?